पाच पानांची चीज

एकदा एक पेटीवाली पियानो शिकायला निघाली, आणि तेही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ज्या वयात बाईला लोक 'आता काय शिकायचं राहिलंय तुझं?' असं विचारतात आणि बाईही ते खरं मानून गप्प बसते, त्या वयात. ही गप्प बसणारी नव्हती.

तिचं नाव मथुरा गुरव. बाप देवळात सनई वाजवी आणि घरी पेटी शिकवी, पण शिकवी ती दोन्ही मुलग्यांना. मथुरेला कोणी शिकवलं नाही. ती भाकऱ्या थापताना कान देऊन ऐके आणि भाऊ उठून गेले की पिठाचे हात पुसून, जे ऐकलं ते पेटीवर शोधून काढी. पुढे दोघे भाऊ एसटीत लागले आणि पेटी हिच्याकडे राहिली. कीर्तनाला साथ करावी तर मथुरेनेच, असं पंचक्रोशीतले बुवा म्हणू लागले. त्याला कारण होतं. कीर्तनकार कितीही मोठा असो, एखाद्या दिवशी घसा धरतो, एखादी ओळ आठवत नाही, आख्यानाचा धागा सुटतो. अशा वेळी मथुरेचा उजवा हात क्षणाचाही विलंब न लावता ध्रुवपदावर जाई. टाळकरी ते उचलत, सभा डोलू लागे, तेवढ्यात बुवांना ओळ आठवे. बुवा अडखळले होते हे समोर बसलेल्या पाचशे माणसांत एकालाही कळत नसे. 'मथुरा मागे बसली की पाठीला भिंत असल्यासारखं वाटतं,' असं एक वृद्ध बुवा म्हणाले होते. ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं. मिळवलेलं होतं ते तिने, कुणी दिलेलं नव्हतं.

मथुरा राहायची त्या छावणीच्या गावात मुलींच्या एका शाळेच्या सभागृहात एक जुना पियानो होता, आणि तो शिकवणारे हिवाळे मास्तर होते. मास्तर मराठी ख्रिस्ती. चर्चमधल्या प्रार्थनांना वाजवून वाजवून आयुष्य गेलेलं, सत्तरी उलटलेली, बोटं संधिवाताने वाकडी झालेली. शाळेत कीर्तन होतं म्हणून मथुरा तिथे गेली, कीर्तन संपल्यावर मास्तरांनी मुलींना राष्ट्रगीत वाजवून दिलं, आणि मथुरा पेटी मिटायची विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांपुढे उभी.

"मला हे शिकवा."

मास्तरांनी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "उजवा तयार आहे," ते म्हणाले. "डाव्याने आजवर काय केलंय?"

"भाता मारलाय."

"म्हणजे तो अजून जन्मायचाय."

"मग जन्माला घाला," मथुरा म्हणाली. "तुम्ही नाही घातलात तर मी घालीन. मला सवय आहे."

मास्तर हसले. त्या दिवसापासून सहा वर्षं, शाळा भरण्याच्या आधी रोज दोन तास, मथुरा त्या पियानोपुढे बसली. पाच रेघांवरची ती परदेशी लिपी वाचायला शिकली. वाचणं मात्र तिचं सावकाश. एकेक स्वर ओळखत, मुलं बाराखडी लावतात तसं. पण एकदा हातात बसलं की ते कायमचं.

सहाव्या वर्षी गोष्ट अटीतटीला आली. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आणि त्यांनी शाळेला कळवलं की या दिवाळीनंतर मला जमणार नाही, माझ्या जागी मथुरा गुरवला घ्या. शाळेच्या समितीचे अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हे, पण ज्या वस्तूचा भाव कळत नाही ती वस्तू अडगळ, असा त्यांचा हिशेब. त्यांना त्या सभागृहात मुलींसाठी शिवणवर्ग काढायचा होता. यंत्रं आली होती, व्हरांड्यात गोणपाटाखाली उभी होती.

"बाई," शेठजी म्हणाले, "कीर्तनात पेटी वाजवणं वेगळं आणि हे वेगळं. तुमच्याकडे कागद आहे का कसला? प्रमाणपत्र?"

"नाही."

"मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"शेठजी, तुम्ही कापड मोजून देता ना? तसं मला मोजा. मोजून झाल्यावर बोला, आधी नको."

शेठजींना उत्तर आवडलं नाही, पण मोजण्याची कल्पना आवडली. ठरलं असं : शहरातून एक परीक्षक येतील. पाश्चात्त्य संगीताच्या शेवटच्या परीक्षेला जी रचना नेमलेली असते, ती मथुरेने त्यांच्यापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. वाजवली तर जागा तिची. नाही तर पियानोचा वर्ग बंद, आणि सभागृहात यंत्रं. गावात दुसरा पियानो नव्हता. म्हणजे हरली तर मथुरेची नुसती नोकरी जाणार नव्हती, तिच्या हाताखालच्या पट्ट्याच जाणार होत्या.

ती रचना बावीस पानांची. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा परदेशी रचनाकाराने ती लिहिली, आणि लिहिताना त्याला माणसांना दहाच बोटं असतात याचा विसर पडला असावा. पहिली दहा पानं कठीण, शेवटची दहा कठीण, पण अकरावं आणि बारावं पान म्हणजे निव्वळ छळ. तिथे उजवा हात एका लयीत धावतो, आणि डाव्याने दोन-दोन सप्तकांच्या उड्या मारत, न पाहता, नेमक्या पट्टीवर उतरायचं. आयुष्यभर भाता मारलेल्या हाताने.

मथुरेने ती रचना आधीच्या अकरा महिन्यांपासून धरली होती. वीस पानं तिच्या हातात बसली होती. ही दोन पानं बसत नव्हती. म्हणजे तिला वाटत होतं, बसत आली आहेत. मास्तरांना वाटत नव्हतं.

"मागे जाऊ नकोस," मास्तर म्हणत.

"मी कुठे गेले मागे?"

"आत्ता गेलीस."

"नाही हो मास्तर! डावा जरा चुकला, मी सावरलं आणि पुढे गेले."

ती खोटं बोलत नव्हती. त्या दोन पानांवर तिचे डोळे कागदावर नसतच, ते डाव्या हातावर असत, पायरी उतरणाऱ्या आंधळ्या माणसावर असावेत तसे. उजवा हात काय करतो आहे ते पाहायची तिला गरज वाटत नसे, कारण उजवा तिचा विश्वासू होता. हे असं महिनोन् महिने चाललं. मास्तर सांगत, मथुरा नाकबूल करी, आणि मग दोघेही जरा घुश्श्यात घरी जात.

परीक्षक यायला आठ आठवडे उरले, तेव्हा मास्तरांनी सांगणं बंद केलं.

ते खिडकीजवळच्या बाकावर, मथुरेकडे पाठ करून बसू लागले. मांडीवर पाटी, पाटीवर पाच-पाच रेघा आखलेले कागद, हातात पेन्सिल. मथुरेने अकरावं आणि बारावं पान वाजवावं, मास्तरांनी काहीतरी लिहावं, आणि म्हणावं, "पुन्हा."

ती पुन्हा वाजवी.

"पुन्हा."

पहिल्या दिवशी तिला वाटलं, मास्तर दमले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, रागावले असतील. आठ दिवस त्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. मध्येच ते पेन्सिलीला ब्लेडने टोक काढीत. त्या वाकड्या बोटांना ते साधत नसे, टोक मोडे, पुन्हा काढीत. तो कुरकुरणारा आवाज मथुरेच्या डोक्यात जाऊ लागला. नवव्या दिवशी तिने दोन्ही हात पट्ट्यांवर आपटले.

"मास्तर, इकडे दिवस मोजायची वेळ आलीय माझी! मी इथे पाठीचा काटा मोडून घेतेय आणि तुम्ही नातवाला पत्र लिहीत बसलाय!"

"पत्रच आहे," मास्तर पाठ न वळवता म्हणाले. "पण नातवाला नाही. पुन्हा."

दहाव्या दिवशी ती आली तेव्हा पियानोवर छापील पुस्तक नव्हतं. मास्तरांनी ते कपाटात ठेवलं होतं, आणि तिच्यादेखत कुलूप लावून किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. पुस्तकाच्या जागी पेन्सिलीने लिहिलेले पाच कागद होते.

"हे बसव," मास्तर म्हणाले. "चार दिवसांत."

"हे काय आहे?"

"एक चीज आहे."

"कुणाची?"

"बसव. मग सांगतो."

मथुरेने कागदांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि तिच्या मनात जे आलं ते फार वाईट होतं. या माणसाचा माझ्यावरचा विश्वास उडाला, असं तिला वाटलं. बावीस पानं झेपत नाहीत म्हणून पोरीला आता पाच पानांचं काहीतरी हलकंसं देतोय, परीक्षकांपुढे निदान लाज जाऊ नये म्हणून. मारलेलं चालतं, शिव्या चालतात. कीव केलेली चालत नाही.

"मला दया नको, मास्तर," ती म्हणाली. "जमत नसेल तर तोंडावर सांगा. 'मथुरे, तुझ्या बापाचं खरं होतं, हे तुझं काम नव्हे,' असं सांगा. मी उठून जाते."

"तुझ्या बापाला मी ओळखत नव्हतो," मास्तर म्हणाले. "मी तुला ओळखतो. कागद घे."

तिने कागद घेतले नाहीत. ती उठून गेली. जाताना दार इतक्या जोरात लावलं की व्हरांड्यातल्या यंत्रांवरचं गोणपाट हललं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. घरी बसून तिने तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले, शेजारणीशी भांडण काढलं, आणि संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की राग खरा असला तरी त्याला सोबत घेऊन परीक्षकापुढे बसता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. क्षमा मागितली नाही, मास्तरांनीही ती अपेक्षिली नाही.

"आणा ते," ती म्हणाली. "चार दिवस कशाला, दोन दिवसांत बसवते आणि तुमच्या तोंडावर फेकते."

"फेक."

तिने पहिला कागद समोर लावला. तिच्या सवयीप्रमाणे एकेक स्वर ओळखत, अडखळत सुरुवात केली. पहिली ओळ लागली. दुसरी जरा लवकर लागली. आणि तिसऱ्या ओळीपासून एक विलक्षण गोष्ट घडू लागली. बोटं डोळ्यांच्या पुढे गेली. डोळे अजून ओळीच्या मध्यावर रेंगाळत आहेत आणि बोटांनी ती ओळ संपवलेली आहे. मथुरा दचकली, कुठेतरी ऐकल्यासारखंही वाटलं, पण मास्तरांना दाखवून द्यायच्या ईर्ष्येत तिने तिकडे कान दिला नाही आणि ती थांबली नाही. दुसऱ्या कागदावर तिने पाहणंच सोडून दिलं. मास्तर पुढे येऊन एकेक कागद उलटत होते आणि ती कागदाकडे न बघता वाजवत होती. पाचही पानं ती एका दमात वाजवून गेली. एकदाही थांबली नाही. डावा हात उड्या मारून नेमका जाऊन बसत होता, उजवा सुरेख धावत होता, आणि शेवटचा स्वर वाजला तेव्हा तिच्या कपाळावर घामाचा थेंबसुद्धा नव्हता.

"बघा!" ती ओरडली. "बघा मास्तर! नवी चीज, पहिल्याच बैठकीत! आणि म्हणे चार दिवस!"

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, छापील पुस्तक आणलं, अकरावं पान उघडलं आणि ते त्या कागदांशेजारी ठेवलं.

"इथे बोट ठेव," ते म्हणाले. "आणि या कागदावर इथे. आता दोन्ही ओळी एकदम वाच. सावकाश."

मथुरा वाचू लागली. पहिली ओळ दोन्हीकडे तीच होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यापर्यंत तीच. मग छापील पानावर डाव्या हाताची उडी होती. कागदावरही उडी होती, पण ती एक पट्टी खाली पडत होती, आणि लगेच पुढे, छापील पानावर नावालाही नसलेली एक गोष्ट लिहिलेली होती : त्या भागाच्या तोंडाशी असलेला चार स्वरांचा तुकडा उजव्या हातात पुन्हा येत होता, एकदा, दोनदा. तेवढ्यात डावा आपली जागा शोधत होता. मग दोघे मिळून पुढे. पुढच्या उडीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या उडीला पुन्हा. मास्तरांनी पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. सात फुल्या. छापील दोन पानांची पाच पानं झाली होती ती अशी.

तिने एकेका फुलीवरून बोट फिरवलं.

"हे मी वाजवते?"

"नऊ दिवस, रोज आठ-दहा वेळा. एका स्वराचाही फरक नाही. पहिल्या दिवशी लिहिलं आणि बाकी आठ दिवस पडताळून पाहिलं."

"मला ऐकू कसं आलं नाही?" ती म्हणाली. आणि मग, राग हा तिचा जुना आधार असल्यामुळे, तिने तोच धरला. "ही थट्टा आहे माझी! सरळ सांगायचंत!"

"अकरा महिने सरळच सांगत होतो. आणि थट्टा करायला मी नऊ दिवस लिहीत बसेन? या बोटांनी?"

मथुरेने त्या बोटांकडे पाहिलं. पेन्सिल धरून धरून मधल्या बोटाला घट्टा पडला होता.

मास्तर बाकावर बसले. या वेळी तिच्याकडे तोंड करून.

"मथुरा," ते म्हणाले, "तुला वाटतं, तुला ही दोन पानं येत नाहीत. पण तुला एक चीज उत्तम येते. ती ही. आत्ता तू ती माझ्यापुढे निर्दोष वाजवलीस. हाताला बरोबर आणि चूक असं काही कळत नसतं, पोरी. हाताला फक्त 'पुन्हा' कळतं. तू अकरा महिने रोज त्याच्या पुढ्यात जे ठेवलंस, ते त्याने इमानाने उचललं आणि जपून ठेवलं. लोक म्हणतात, चुकीची मेहनत वाया जाते. ती वाया जाती तर किती बरं होतं! ती वाया जात नाही. ती फळते."

ते पुढे म्हणाले, "आणि तुझा उजवा हात दोषी आहे असंही मी म्हणणार नाही. तो साथीचा हात आहे. बुवा अडखळले की त्याने ध्रुवपद धरायचं आणि त्यांची लाज राखायची, हेच त्याने वीस वर्षं केलं, आणि ते पुण्याचं काम होतं. पण या बाकावर तू बसलीस की बुवाही तूच आणि साथीदारही तूच. तू स्वतःचीच लाज राखत बसलीस तर पुढे कोण जाणार?"

बाहेर शाळेतल्या मुली जमू लागल्या होत्या.

"हे विसरायला किती दिवस लागतील?" शेवटी मथुरेने विचारलं.

"विसरता येत नाही. दुसरं शिकावं लागतं. ते याच्यापेक्षा जास्त वेळा करावं लागतं, बस्."

"साडेसहा आठवड्यांत?"

"ते मला विचारू नकोस," मास्तर म्हणाले. "मगाशी जी बाई माझ्या तोंडावर काहीतरी फेकणार होती, तिला विचार."

मथुरेने उजवा हात मांडीवर ठेवला. पुढचे सोळा दिवस तिने तो तिथून उचलला नाही. सोळा दिवस ती एकट्या डाव्या हाताने ती दोन पानं वाजवत राहिली. उडी चुकली की हात वर उचलायचा, जो चुकीचा स्वर लागला तो तोंडाने मोठ्याने गायचा, म्हणजे तो कानातून निसटायला नको, आणि मग मागे न जाता पुढच्या जागेपासून सुरू करायचं. सगळ्यात कठीण होतं ते गाणं. चूक करणं सोपं, ती झाकणं त्याहून सोपं, पण आपली चूक आपल्याच तोंडाने उंच आवाजात म्हणायची म्हणजे चारचौघांत स्वतःला हाक मारण्यासारखं. पहिले चार दिवस तिचा आवाज फुटत नसे. पाचव्या दिवसापासून ती खणखणीत गाऊ लागली. शाळेतल्या मुली खिडकीबाहेर उभ्या राहून हसत. तिने हसू दिलं.

एका सकाळी शेठजी यंत्रं पाहायला आले होते. "बाई," त्यांनी दारातून विचारलं, "अर्धाच पियानो चालतोय का?"

"अर्धा नीट होऊ दे, शेठजी. मग उरलेला ऐकायला या, पुढच्या रांगेत बसा."

सतराव्या दिवशी उजवा हात परत आला, आणि आल्या आल्या ध्रुवपद धरायला धावला. मथुरेने दात ओठ खाऊन तो उचलला. पुन्हा धावला, पुन्हा उचलला. आज्ञाधारक जनावराला आयुष्यभराची वाट बदलायला लावावी तसं ते काम होतं. त्यात मारझोड उपयोगाची नव्हती, नुसतं न कंटाळता वळवत राहणं होतं. कधी दिवसाला तीसदा, कधी शंभरदा. शनिवारच्या कीर्तनाला मात्र ती नेहमीप्रमाणे जाई, आणि बुवा अडखळले तर नेहमीप्रमाणे ध्रुवपद धरी. तिथे ती खोड नव्हती, कर्तव्य होतं. कुठे काय, एवढं हाताला कळू लागलं होतं. खरं तर तिला कळू लागलं होतं.

ठरल्या सोमवारी परीक्षक आल्या. साठीच्या बाई, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी छापील पुस्तक स्वतःच्या मांडीवर उघडलं आणि हाताने 'करा' अशी खूण केली. शेठजी पुढच्या रांगेत बसले होते. मास्तर शेवटच्या रांगेत, डोळे मिटून.

मथुरा वाजवू लागली. पहिली दहा पानं गेली. अकरावं आलं. पहिली उडी बसली, दुसरी बसली, तिसरी, चौथी. आणि पाचव्या उडीला डावा हात एक पट्टी खाली पडला. भर सभागृहात तो चुकीचा स्वर असा वाजला की जणू कुणाच्या हातून तांब्या पडावा.

उजवा हात मागे वळला. मथुरेला तो वळताना जाणवला, खांद्यापासून. वीस वर्षांची पुण्याई त्याच्या पाठीशी होती. चार स्वर फक्त, एकदा, आणि कुणालाही कळलं नसतं. तिने तो तांब्या तिथेच पडू दिला आणि ती पुढे गेली. सहावी उडी बसली. सातवी बसली. बारावं पान संपलं, मग उरलेली दहा, आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत तिने पेडलवरचा पाय उचलला नाही.

शेठजींनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. पियानो त्यांना कळत नव्हता, पण माणूस दमून घाम गाळतोय हे कळत होतं. "वा! मानलं बाई! एक चूक नाही!"

"होती," मथुरा म्हणाली.

"अं?"

"अकराव्या पानावर, चौथ्या ओळीत. डावा हात एक पट्टी खाली पडला."

"अहो, गप्प बसा ना," शेठजी पुढे वाकून कुजबुजले. "कुणाला कळलंय? जागा हवीय की नको?"

"हवीय," मथुरा म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "यांना कळलं का, एवढंच मी बघत होते. वाजवणारे मला पुष्कळ भेटतात, शेठजी. शिकवायला ठेवायचं तर ज्याला स्वतःची चूक ऐकू येते असा माणूस लागतो. पोरींच्या चुका त्यालाच ऐकू येतात." आणि त्यांनी समितीच्या कागदावर सही केली. शेठजींनी जरा वेळ तो कागद न्याहाळला, मग शिपायाला बोलावून यंत्रं मागच्या खोलीत न्यायला सांगितलं.

सगळे गेल्यावर मथुरा शेवटच्या रांगेकडे गेली. मास्तरांनी डोळे उघडले.

"ती पाचवी उडी," ती म्हणाली. "कालपर्यंत बसत होती."

"हो."

"मनगट आधी वळलं माझं. हात मागून गेला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं की त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. आणि मथुरेला उमगलं की आपण आज जे मिळवलं ते त्या सही केलेल्या कागदावर मावणारं नाही.

आपणही रोज मन लावून काहीतरी पाठ करतच असतो. ते काय आहे हे कुणी लिहून समोर ठेवलंच, तर त्या माणसावर खुशाल रागवावं, पण एका दिवसापेक्षा जास्त नाही.